फिलाडेल्फियाची साइट

"नमिता, फिलाडेल्फिया नक्की कुठे आलं?"

गिरीश दारातच उभा होता, बुटांसकट, मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. साइटवरून आला की आधी बूट आणि मग बोलणं, हा आमच्या घरातला एकमेव नियम. तोही तो मोडत होता, म्हणजे प्रकरण काहीतरी वेगळं असणार.

"अमेरिकेत. बूट काढ."

"ते मलाही कळतं गं. इथे कुठे? कतारमध्ये?"

मला वाटलं, ऊन लागलं. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्याने जे सांगितलं ते मला एकदा ऐकून समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लावलं. त्याच्या साइटवर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्या सुतारांची एक टोळी आहे. बरेचसे आपलेच, रत्नागिरी-रायगडकडचे, काही लातूर-नांदेडचे. डेडलाइन जवळ आल्यामुळे गेले काही महिने सकाळी सहा ते रात्री आठ काम चाललं होतं. आणि या आठवड्यात अचानक, संध्याकाळचे सहा वाजले की ही टोळी हातोड्या खाली ठेवते आणि ओळीने बसमध्ये जाऊन बसते. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. कोणी विचारलं तर अदबीने सांगतात, सहा ते सहा, मध्ये दोन तास जेवण आणि आराम. फिलाडेल्फियाच्या साइटवर हेच मान्य झालंय, तर इथेही व्हावं.

"एचआरवाले तीन दिवस ती साइट शोधतायत," गिरीश म्हणाला. "लुसैलला फोन झाले, रास लफानला झाले. एक जण म्हणाला पर्लमध्ये त्या नावाचा टॉवर येतोय. कोणाचाच पत्ता नाही. क्लायंट कोण, कॉन्ट्रॅक्टर कोण, काहीच नाही!"

यात हसण्यासारखं खूप होतं. ज्या गावात मॉलच्या आत कालवा काढून त्यात होड्या सोडल्यात, तिथे एखाद्या प्रोजेक्टचं नाव फिलाडेल्फिया असलं तर कोणाला नवल वाटावं? पण मला हसू आलं नाही. 'सहा ते सहा, मध्ये दोन तास' हे शब्द माझ्या ओळखीचे होते. ते मीच लिहिले होते.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सांगताना माझाच गोंधळ होतो.

नाशिकला मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. इथे मी डिपेंडंट, नवऱ्याच्या व्हिसावर. मदिनत खलीफातल्या एका व्हिलाचा अर्धा वरचा मजला आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन, एवढी माझी जहागीर. दरवर्षी त्या अंकात बाकूची सहल, जॉर्जियाची सहल आणि नाचणीचे सतरा प्रकार छापून मी विटले होते. म्हणून यंदा माझा स्वतःचा लेख घातला. अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वी सुतार, गवंडी, छपाई कामगार, गिरणीतल्या मुली यांनी स्वतःची वर्तमानपत्रं काढली, त्यांवर. रुक्ष होऊ नये म्हणून युक्ती केली. पहिल्या पानावर साल, संदर्भ, सगळी पार्श्वभूमी दिली आणि पुढची पानं त्या काळच्या पेपरसारखी लिहिली. 'फिलाडेल्फियातून वृत्त येते की, गोदीवरच्या हमालांनी काम थांबवले आहे. सुतार आणि गवंडी त्यांना जाऊन मिळाले आहेत. मागणी एकच...' अशी. मला स्वतःला ती पानं फार आवडली होती.

मंडळाच्या अध्यक्षा मालविकाताईंना नाही आवडली. अंक छापून झाल्यावर त्यांनी तो वाचला, कारण आधी वाचायला त्यांना वेळ नव्हता. "अहो नमिताताई, कामगार, संप, हे शब्द? इथे? आपल्याला हॉल मिळायचा नाही पुढच्या वर्षी!" अंक अजून शिवायचा बाकी होता, म्हणून लेखाच्या पानांचा गठ्ठा बाहेर काढता आला. पहिलं पान तेवढं आधीच्या लेखाच्या कागदावर होतं, म्हणून ते अंकातच राहिलं. त्याच्यावर एका सराफाची जाहिरात चिकटवली. आणि माझ्या जागी नाचणीचा अठरावा प्रकार आला.

अल मन्सूरातल्या प्रेसमधून ते गठ्ठे उचलायला गिरीशने इनायतभाईंना पिकअप घेऊन पाठवलं होतं. इनायतभाई दापोलीकडचे, शटरिंगच्या टोळीचे चार्जहँड, म्हणजे मुकादम म्हणा. गिरीशच्या हाताखाली बरीच वर्षं आहेत. गिरीशचा त्यांच्यावर जीव, आणि ईदला त्यांच्या बायकोने, सुगराभाभींनी, गावाहून पाठवलेली सांदणं आमच्याकडे आली नाहीत असं वर्ष नाही. माझा पारा चढलेला होता. मी म्हटलं, ही रद्दी कुठेही टाकून द्या, मला डोळ्यासमोर नको.

"येवढा चांगला कागद टाकायचा कशाला, भाभी?" ते म्हणाले. "मेसमदी जेवताना खाली घालायला होईल."

मी म्हटलं, घाला.

आणि त्यांनी घातला. बिरकत अल अवामेरच्या त्यांच्या लेबर कॅम्पात पोरं शुक्रवारी खाली बसून, कागद अंथरून एकत्र जेवतात. जेवताना खालचा कागद वाचायची खोड आपल्या माणसाला असतेच. भेळ खाऊन झाली तरी आपण पुडीचा कागद टाकत नाही, आधी उलटसुलट करून वाचतो. कोणीतरी आमटीची वाटी सरकवली आणि खाली मराठी अक्षरं दिसली. इतक्या वर्षांत कॅम्पात छापील मराठी कोणी पाहिलं नव्हतं. मग ज्याच्या त्याच्या ताटाखाली शोधाशोध झाली, पानं जुळवली गेली आणि इनायतभाईंनी ती उभ्याने मोठ्यांदा वाचली. साल कोणत्याच पानावर नव्हतं. ते तर सराफाच्या जाहिरातीखाली गेलेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

कॅम्पातलं हे मला नंतर समजलं; त्या दिवशी मी गिरीशला लेखाचं आणि रद्दीचं तेवढं सांगितलं. तो बुटांसकट सोफ्यावर बसला. या वेळी मी बूट काढ म्हटलं नाही.

"म्हणजे तू?" तो म्हणाला.

"मी म्हणजे काय मी? मी इतिहास लिहिला."

"नमिता, दहा तासांची मर्यादा साइटच्या बोर्डवर लावलेलीच आहे. चार भाषांत! आजवर एकाने तरी त्यावर बोट ठेवलं का? आणि तुझ्या रद्दीवरून..."

"मराठीत लावलीय?"

"मराठीत कशाला लावतील?"

"आणि लावलीय तर मग आठपर्यंत काम कसं चालतं?"

यावर त्याने फक्त कपाळाला हात लावला. मग खरी गोष्ट बाहेर आली. कंपनीला कोणीतरी एक माणूस हवा होता आणि तो तिने निवडला होता. वाचलं कोणी? इनायतने. मग भडकवलं इनायतने. रविवारी त्यांना ऑफिसात बोलावलं होतं. नीट उत्तर मिळालं नाही तर व्हिसा कॅन्सल आणि पुढच्या विमानाने घरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"त्यांनी सांगितलं नाही कागद कुठून आला?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांनी विचारून पाहिलं. सापडला, म्हणतो." गिरीश जमिनीकडे बघत होता. "आणि तूही नको बोलूस. माझी नोकरी, आपल्या मिहीरची शाळा. दोन दिवसांत निवळेल."

मी त्या रात्री गिरीशवर चिडले, मालविकाताईंवर चिडले, नाचणीवरसुद्धा चिडले. आणि मला एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या सगळ्या घबराटीत कुठेतरी मला आनंदही झाला होता. माझं लिहिलेलं कोणीतरी उभ्याने वाचलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी हातोड्या खाली ठेवल्या होत्या. कुठल्या लेखकाच्या नशिबी येतं हे? लगेच स्वतःची लाजही वाटली. मला काय वाटायला हवं होतं तेच कळेना.

शुक्रवारी मी मेट्रोने अल मन्सूराला गेले. इनायतभाई तिथल्या एका हॉटेलात नमाजनंतर करक चहाला येतात हे मला माहीत होतं. मला बघून ते उठून उभे राहिले.

"तुमी कशाला आलाव, भाभी? साहेबांना समजलं म्हंजे?"

"साहेबांना समजू दे. इनायतभाई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून काय व्हनार? मी एकटा जायाचा तर दोघं जानार." त्यांनी चहा मागवला. "पन भाभी, पेपर झ्याक काढलाव हां. पोरं इचारतात, म्होरचा अंक कदी? त्या फिलाडेल्फियाच्या पोरांना फोन लावाया नंबर भेटंल काय?"

काय सांगू? कोणाचा नंबर देऊ?

"त्या बोर्डवर तर आधीपासून लिहिलंय ना दहा तासांचं," मी विषय बदलला. "तेव्हा नाही कोणी काही केलं?"

"बोर्डावरचं कोन खरं मानतो? ते कंपनी लिवते, इन्स्पेक्शनवाल्यांसाठी. पेपरात आलं म्हंजे कुनीतरी केलं असंल. आपल्यासारक्याच मानसांनी. मग आपन केलं तर काय झालं?"

तेव्हा मी म्हणाले, की ती बातमी आजची नाही.

"आजची नाय म्हंजे? मागल्या म्हयन्याची?"

"इनायतभाई, फिलाडेल्फिया इथे नाही. ते अमेरिकेत आहे. हे मी... मी पेपरसारखं लिहिलं होतं. वाचताना मजा यावी म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा असा झाला की जणू कोणी भर बाजारात त्यांच्या डोक्यावरची टोपी उडवली.

"म्हंजे गोष्ट हाय काय? दिवाळी अंकात असतात तशी?"

हो म्हणायला हवं होतं की नाही म्हणायला हवं होतं, मला आजही सांगता येत नाही. मी असा विचार केला: यांना गोष्ट वाटली तर रविवारी ऑफिसात हे तसंच सांगतील, साहेबांची समजूत पटेल आणि सुटतील बिचारे. सत्य काय, नंतर कधीतरी समजावता येईल. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. चहा प्यायले.

"मी तर सगल्यांना खरं म्हनून वाचलं," ते एवढंच म्हणाले. मग चहाचे पैसे द्यायला उठले, आणि मला देऊ दिले नाहीत.

घरी येऊन मी गिरीशला सांगितलं की रविवारी मीही ऑफिसात येणार. त्याने एक तास वाद घातला आणि मग चक्क हो म्हणाला. चिडून म्हणाला की थकून म्हणाला की इनायतभाईंसाठी म्हणाला, कोण जाणे. मीही विचारलं नाही.

एचआर मॅनेजर रहमान हा काही खलनायक नव्हता, हे आधीच सांगते. हैदराबादचा, गोल चेहऱ्याचा, सारखा खजूर पुढे करणारा माणूस. मी लेख माझा असल्याचं सांगितलं, साल अठराशे पस्तीस सांगितलं, तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की तो खुर्चीत मागे रेलून हसलाच.

"दो सौ साल पुराना? अमेरिका? या अल्ला! और हम लुसैल में ढूँढ रहे हैं!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गिरीशही हसला. कोपऱ्यातल्या खुर्चीत इनायतभाई मान खाली घालून बसले होते. ते हसले नाहीत. शुक्रवारपासून दोन दिवसांत ते म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"बस मॅडम, प्रॉब्लेम सॉल्व्ह," रहमान म्हणाला. "आप इतना बोल दीजिए कि ये कहानी है, काल्पनिक. इनायत आज शाम को मेस में सबको बता देगा कि जो पढ़ा वो झूठ था. कल से काम चालू. इनायत की नौकरी भी चालू. खलास."

गिरीशने टेबलाखाली माझा पाय दाबला. मी तोंड उघडलं. 'हाँ, कहानी है', एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. देवाशप्पथ सांगते, मी ते म्हणणारच होते.

पण रहमानला गप्प बसवेना. तो गमतीने, अगदी सहज, पुढे म्हणाला, "वैसे मॅडम, लिखा मज़ेदार है आपने. लेबर लोग अख़बार निकाल रहे हैं! उनको लिखना-पढ़ना कहाँ आता होगा?"

माझं डोकं फिरलं. नाशिकला मागच्या बाकावरचं पोरगं असं काही बोललं की फिरायचं, तसंच. मी हिंदीत सुरू झाले आणि मध्येच कधी मराठीत गेले ते कळलंही नाही. म्हटलं, येत होतं. छापणारे कामगारच होते ते, छपाईचे खिळे जुळवायला दुसऱ्या कोणाला बोलवायची गरजच नव्हती. दिवसभर गिरणीच्या घंटेवर राबणाऱ्या मुली काम संपल्यावर लिहीत होत्या, आणि मालकांच्या पेपरांना उत्तरं देत होत्या. गोदीतल्या हमालांनी काम थांबवलं, सुतार आले, गवंडी आले, सगळं शहर आलं. सहा ते सहा, मध्ये दोन तास. आणि ते त्यांनी मिळवलं. यातलं एक अक्षर काल्पनिक नाही. मी इतिहास शिकवते, कहाण्या लिहीत नाही!

गिरीशने डोळे मिटून घेतले होते. आणि इनायतभाईंनी मान वर केली होती. ते माझ्याकडे बघत होते, टक लावून.

रहमानचं हसू गेलं. तो म्हणाला, "ठीक है मॅडम. आपका इतिहास आपके पास. इनायत, तुम मेस में बोल दो कि झूठ है."

"झूठ कैसा बोलूँ साब?" इनायतभाई म्हणाले. आवाज शांत होता. "मॅडम ने अभी बोला ना, हुआ है."

"तुम बोल दो बस."

"पुराना है बोलूँगा. झूठ है, नहीं बोलूँगा."

"पुराना बोला तो कल फिर छह बजे उठेंगे सब!"

"वो उनकी मर्ज़ी, साब."

मी मध्ये पडले. म्हटलं, इनायतभाई, म्हणा हो, एवढं काय आहे त्यात. गिरीशनेही विनवलं. ज्या माणसाला वाचवायला आले होते त्यालाच मी आता खोटं बोलायची गळ घालत होते, आणि तेही स्वतः खरं बोलण्याचा हट्ट नुकताच पुरवून घेतल्यावर. त्यांनी आम्हा दोघांना हात जोडले आणि ते उठले. रहमानने समोरचा कागद ओढून घेतला. व्हिसा कॅन्सलेशनचा, आणि त्यावर सही केली.

तीन दिवसांत सगळं उरकलं. गिरीशने धावाधाव करून एवढंच पदरात पाडलं की परत येण्यावर बॅन लागला नाही, साधं कॅन्सलेशन झालं. टोळीचं म्हणाल तर सोमवारी ती आठपर्यंत राबली. मंगळवारीही राबली. बुधवारी सहाला उठून गेली. गुरुवारी निम्मी गेली, निम्मी राहिली. गिरीश रोज येऊन सांगायचा आणि याचा अर्थ काय असं मला विचारायचा, जणू ती माझी माणसं होती. मला काय ठाऊक? इनायतभाईंनी मेसमध्ये शेवटी काय सांगितलं, तेही मला ठाऊक नव्हतं. फिलाडेल्फियाचं नाव मात्र पुन्हा कोणी काढलं नाही.

त्यांचा फोन विमानतळावरून आला. साहेबांचे आभार मानायचे होते, पण साहेब साइटवर होते. मी म्हटलं, साहेबांचे कसले आभार. मी रडत होते आणि ते लपवत नव्हते. म्हटलं, इनायतभाई, माझी जीभ जरा आवरली असती तर तुम्ही आज इथेच असता. ऑफिसात मी चुकले. मला माफ करा.

"ऑफिसात तुमी बरोबर बोललाव," ते म्हणाले. "त्याचं मना काय वाटत नाय. पन एक इचारू काय, भाभी?"

"विचारा ना."

"त्या दिशी च्या पिताना मी इचारलं, गोष्ट हाय काय. तवा तुमी गप का बसलाव?"

मागे कुठल्यातरी विमानाची अरबीत घोषणा चालली होती. मी म्हटलं, मला वाटलं, गोष्ट आहे असं तुम्हाला वाटलं तर तुमची नोकरी राहील.

"नोकरी काय, गेली तर दुसरी भेटती," इनायतभाई म्हणाले. "पन दोन दिस मी मेसमदी गेलो नाय. पोरं बोलवत व्हती, मी खोलीत कोरडा पाव खाल्ला. मना वाटलं, मी माज्या मानसांना खोटं वाचून दावलं."